लिव्हरच्या रक्त तपासणीचा रिपोर्ट क्रमाने कसा वाचायचा

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये, विम्याच्या तपासणीत किंवा ताप लांबला म्हणून एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्त तपासणी होते आणि रिपोर्टमध्ये एसजीपीटीचा आकडा ठळक छापून येतो. पुढे घरोघरी तेच घडतं. मोबाइलवर शोधाशोध, कुणीतरी सुचवलेलं लिव्हर टॉनिक, तेल-तूप बंद आणि महिन्याभराने पुन्हा तीच तपासणी. आकडा थोडा उतरला की विषय मिटतो. तो मुळात का वाढला होता, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

ही चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम्स लिव्हरच्या पेशींच्या आत असतात. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. म्हणजे हे आकडे इजा दाखवतात. लिव्हर काम किती करतंय, हे रिपोर्टमधल्या दुसऱ्याच ओळी सांगतात आणि त्या ओळींकडे सहसा कुणी वळत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या.

## वाचायला बसण्याआधी: वाट पाहायची नाही अशी लक्षणं

डोळे पिवळे झालेत आणि सोबत माणूस गुंगीत आहे, असंबद्ध बोलतोय, दिवसा झोपतोय आणि रात्री टक्क जागा आहे. उलट्या थांबत नाहीत. रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखी काळी होतेय. पोटात पाणी होऊन पोट ताणलंय. यांपैकी काहीही असेल तर रिपोर्ट खिशात घाला आणि थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

गरोदर बाईला कावीळ दिसली किंवा तळहात-तळपायांना रात्री बेचैन करणारी खाज सुटली, तर त्याच दिवशी दाखवायचं. दूषित पाण्यातून होणारा हेपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर बेतू शकतो.

सावधान: कुणी पॅरासिटामॉलच्या खूप गोळ्या घेतल्या असतील, तर पहिल्या दिवशी एलएफटी अगदी नॉर्मल येऊ शकते. त्यावर विसंबू नका. त्यावरचं औषध पहिल्या आठ तासांत दिलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं, म्हणून रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

## पायरी १: रक्त देण्याआधीचा आठवडा

चुकीच्या रिपोर्टची सुरुवात बऱ्याचदा इथेच होते.

व्यायाम. एसजीओटी स्नायूंमध्येही भरपूर असतं, एसजीपीटी थोडं. जिममध्ये नव्याने पायांचा व्यायाम सुरू केला, रविवारी हरिश्चंद्रगड चढून आलात किंवा मॅरेथॉन धावलात आणि दोन दिवसांत रक्त दिलं, तर दोन्ही आकडे वाढलेले येऊ शकतात आणि लिव्हर मात्र ठणठणीत असतं. तपासणीआधी आठवडाभर अंगमेहनतीचा व्यायाम टाळा. रोजचं चालणं चालेल. शंका राहिली तर डॉक्टर सीपीके ही स्नायूंची तपासणी सोबत करायला सांगतात. सीपीकेही वाढलेलं असेल तर आधी स्नायूंकडे बघायचं.

औषधांची यादी. कागदावर लिहून काढा: नाव, डोस, कधीपासून. कोलेस्टेरॉलची, फिटची, टीबीची आणि संधिवाताची औषधं लोक सांगतात. राहून जातात ती पुढची: सर्दीच्या गोळ्या (त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं आणि तापाची गोळी वेगळी घेतली की डोस दुप्पट होतो), जिममधून घेतलेल्या पावडरी, वजन उतरवायच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, काढे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांमध्ये लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पती ओळखण्यात गल्लत झाल्याचं सांगत तिला हरकत घेतली. वाद बाजूला ठेवला तरी एवढं नक्की, की वनस्पतीचं औषध हेही औषधच आहे आणि ते यादीत यायलाच हवं.

सावधान: आकडा चांगला यावा म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःहून बंद करू नका. फिटची किंवा टीबीची गोळी मध्येच तोडणं वाढलेल्या एसजीपीटीपेक्षा धोक्याचं ठरू शकतं.

दारू. तपासणीपुरतं चार दिवस सोडून डॉक्टरांना फसवता येतं, आजाराला नाही. किती आणि किती वर्षं हे खरं सांगा. दारूने वाढणारं जीजीटी हे एन्झाइम तसंही काही आठवडे वरच राहतं.

उपास. फक्त एलएफटीसाठी उपाशीपोटी जावं लागत नाही. सोबत साखर आणि कोलेस्टेरॉल असेल तर लॅब १० ते १२ तास उपाशी राहायला सांगते. पाणी प्यायला हरकत नाही. नवरात्राचे कडक उपास चालू असताना मात्र ही तपासणी उरकू नका. काहींचं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) उपासानेच चढतं. त्याचं कारण पायरी ५ मध्ये आहे.

ताप. नुकताच ताप येऊन गेला असेल तर तारखेसह लिहून ठेवा. डेंग्यूत ही एन्झाइम्स हटकून वाढतात.

## पायरी २: रक्त देताना

शक्यतो दर वेळी तीच लॅब ठेवा. प्रत्येक लॅबची पद्धत आणि नॉर्मल मर्यादा वेगळी असते. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून वाढला-कमी झाला म्हणणं फसवं आहे.

रिपोर्टच्या तळाला नमुना 'हिमोलाइझ्ड' असल्याचा शेरा असेल, तर नळीत लाल पेशी फुटल्या आहेत. अशा नमुन्यात एसजीओटी खोटंच वाढलेलं दिसतं आणि पोटॅशियमही. पुन्हा रक्त द्या, लॅबने त्याचे पैसे मागू नयेत.

तपासा: पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी एलएफटीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसते. तिला निळ्या झाकणाची वेगळी नळी लागते. कावीळ असेल किंवा आकडे खूप चढलेले असतील तर डॉक्टरांना विचारून तीही त्याच वेळी करून घ्या. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी झालेली नसेल तर तीही, कारण प्लेटलेटचा आकडा पायरी ७ मध्ये लागणार आहे.

## पायरी ३: रिपोर्ट तीन गटांत उतरवून काढा

रिपोर्ट छापील क्रमाने वाचू नका. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा.

१. पेशींची इजा: एसजीपीटी, एसजीओटी. काही लॅब यांनाच अनुक्रमे एएलटी आणि एएसटी म्हणतात. तपासणी तीच.

२. पित्ताचा मार्ग: अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणजे एएलपी, आणि जीजीटी.

३. लिव्हरचं काम: बिलिरुबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), आयएनआर.

प्रत्येक आकड्यापुढे त्याच लॅबची वरची मर्यादा लिहा. समजा, ४८ वर्षांच्या एका गृहस्थांचा रिपोर्ट असा आहे: एसजीपीटी ७८ (मर्यादा ४५), एसजीओटी ५२ (४०), एएलपी ९६ (१२०), जीजीटी ६४ (५५), बिलिरुबिन ०.८ (१.२), अल्ब्युमिन ४.३ आणि प्लेटलेट २.१० लाख. मध्यमवयीन माणसांच्या हेल्थ चेकअपमध्ये असाच रिपोर्ट नेहमी दिसतो. पुढे तोच धरून चालू.

## पायरी ४: किती पट, ते काढा

आकड्याला वरच्या मर्यादेने भागा. ७८ भागिले ४५ म्हणजे सुमारे १.७ पट. ५२ भागिले ४० म्हणजे १.३ पट. ही सौम्य वाढ आहे.

दुपटीपर्यंतची वाढ बहुधा फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साठणं), औषधं किंवा दारू यांमुळे असते. पाच पटींच्या पुढे गेली की शोध लवकर लावायचा. आकडा हजाराच्या घरात असेल तर यादी लहान होते: हेपॅटायटिस ए, ई किंवा बी सारखा नवा संसर्ग, औषधाची विषबाधा, किंवा रक्तदाब एकदम कोसळल्याने लिव्हरचा रक्तपुरवठा तुटणं. पावसाळ्यात एखाद्या सोसायटीत पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं की एकाच इमारतीत दोन-तीन जणांचे असे रिपोर्ट निघतात. तेव्हा महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळवणं हेही तुमचं काम.

सावधान: मर्यादेच्या आत असलेला आकडा म्हणजे लिव्हर निरोगी, असा अर्थ काढू नका. कित्येक लॅबची वरची मर्यादा ४५ ते ५६ असते. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एसजीपीटीची खरी निरोगी वरची मर्यादा पुरुषांत २९ ते ३३ आणि स्त्रियांत १९ ते २५ धरावी असं सुचवलं. फॅटी लिव्हर, जुना हेपॅटायटिस बी, एवढंच काय, सिऱ्होसिस (व्रणांनी लिव्हर कडक होणं) सुद्धा नॉर्मल एसजीपीटीसह असू शकतो. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर 'सगळं नॉर्मल' एवढ्यावर फाइल बंद करू नका.

## पायरी ५: नमुना ओळखा

एकटा आकडा फार काही सांगत नाही. कोणत्या रकान्यात वाढ जास्त आहे ते पाहा.

पहिल्या रकान्यात जास्त. मग एसजीओटी आणि एसजीपीटी एकमेकांशी ताडून पाहा. फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला एसजीपीटी जास्त असतं. आपल्या गृहस्थांचं तसंच आहे. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूचा संशय बळावतो. दारूच्या आजारात हे आकडे सहसा तीन-चारशेच्या पुढे जात नाहीत. फॅटी लिव्हर असलेल्या माणसात काही वर्षांनी हे प्रमाण उलटून एसजीओटी वर गेलं, तर लिव्हरमध्ये व्रण धरतोय का ते बघायलाच हवं. आकडे लहान दिसतात म्हणून हा बदल सुटून जातो.

तापात मात्र हिशोब वेगळा. डेंग्यूत एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त असतं आणि त्याचा दारूशी संबंध नसतो. कोकणात किंवा मुंबईत पुराच्या पाण्यातून चालल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे आणि बिलिरुबिन खूप चढलेलं पण एन्झाइम्स थोडीच वाढलेली, असं असेल तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) शंका घ्यायची. तिथे किडनीची तपासणीही लगेच हवी.

दुसऱ्या रकान्यात जास्त. एएलपी आणि जीजीटी दोन्ही वाढलेत तर पित्ताच्या मार्गात अडथळा आहे का, यासाठी सोनोग्राफी. एएलपी एकटंच वाढलंय आणि जीजीटी नॉर्मल आहे, तर बहुधा ते हाडांतून आलंय: वाढत्या वयाची मुलं, ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, नुकतं मोडून जुळत आलेलं हाड. गरोदरपणाच्या शेवटी वारेमुळेही एएलपी वाढतं. चौदा वर्षांच्या मुलाचं एएलपी मोठ्यांच्या मर्यादेशी ताडून घाबरलेले पालक पुष्कळ असतात. मुलांची मर्यादा वेगळी असते, ती लॅबकडून मागून घ्या.

दोन्ही रकाने वाढलेत आणि कळत नाही. तर एसजीपीटी किती पट, त्याला एएलपी किती पट याने भागा. उत्तर ५ पेक्षा जास्त आलं तर इजा पेशींची, २ पेक्षा कमी आलं तर पित्ताच्या मार्गाची, मधलं आलं तर मिश्र. एएलपी मर्यादेच्या आत असेल तर हा भागाकार करूच नका, उत्तर दिशाभूल करतं.

बिलिरुबिन एकटंच वाढलंय. एन्झाइम्स नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल, बिलिरुबिन १.५ ते ३ च्या आसपास आणि त्यातलं बहुतेक 'इनडायरेक्ट'. हा बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम असतो. जन्मतः असतो आणि निरुपद्रवी असतो. उपास, ताप, जागरण झालं की डोळे किंचित पिवळे होतात आणि आपोआप निवळतात. औषध लागत नाही. पण हिमोग्लोबिन कमी असेल तर लाल पेशी फुटत आहेत का (मलेरिया, सिकलसेल) हे आधी पाहायचं. उलट 'डायरेक्ट' बिलिरुबिन जास्त असेल, लघवी गडद आणि शौचाचा रंग मातकट पांढरा असेल तर पित्त अडलंय. सोनोग्राफी लांबवू नका.

## पायरी ६: आता काम तपासा

तिसरा रकाना शेवटी वाचला तरी वजन त्याचंच सर्वांत जास्त.

अल्ब्युमिन लिव्हर तयार करतं आणि ते रक्तात आठवडे टिकतं. त्याचं निम्मं व्हायला सुमारे २० दिवस लागतात. म्हणून ते ३.५ च्या खाली गेलं असेल तर लिव्हरचं दुखणं जुनं असू शकतं. किडनीतून प्रथिनं जात असतील किंवा दीर्घ आजारपण असेल तरी ते उतरतं, तेव्हा लघवी तपासून घ्या. रक्त गोठवणारे घटक मात्र तासांत संपतात. नव्या आजारात लिव्हर ढासळतंय का, हे आयएनआर सर्वांत आधी दाखवतो. १.५ किंवा त्याहून जास्त असेल आणि रक्त पातळ करणारं औषध चालू नसेल, तर घरी थांबायचं नाही.

सावधान: काविळीत एसजीपीटी १८०० वरून ३०० वर आलं की घरात आनंद होतो. त्याच वेळी बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील, तर हा उतार चांगला नाही. इजा व्हायला पेशीच फारशा उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो. तिन्ही आकडे सोबत उतरले तरच सुटकेचा श्वास घ्या.

## पायरी ७: फिब-४ काढा

फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकाने हा हिशोब करावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वेगळा खर्च नाही आणि लिव्हरमध्ये व्रण धरल्याचा धोका किती, याचा अंदाज येतो.

वय गुणिले एसजीओटी. याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने.

आपल्या गृहस्थांचं: ४८ गुणिले ५२ म्हणजे २४९६. ७८ चं वर्गमूळ ८.८३, त्याला २१० ने गुणलं की सुमारे १८५४. भागाकार १.३५.

१.३ पेक्षा कमी असेल तर सध्या धोका कमी. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या तज्ज्ञांकडे. मध्ये असेल, जसं इथे, तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करायचा. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. म्हणजे ज्या रिपोर्टवर 'सौम्य वाढ, महिन्याने बघू' म्हणून पडदा पडला असता, तोच पुढची तपासणी मागतोय.

तपासा: प्लेटलेट हजारांत घालायच्या. आपल्याकडे त्या लाखांत छापतात: २.१० लाख म्हणजे २१०. कॅल्क्युलेटरमध्ये कुणी २.१० घालतं आणि उत्तर १३५ येतं, कुणी २१०००० घालतं आणि उत्तर जवळजवळ शून्य येतं.

सावधान: तापात हा हिशोब करू नका. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि एसजीओटी चढतं, उत्तर भयंकर येतं आणि निरर्थक असतं. पस्तिशीच्या आतही तो विश्वासार्ह नाही.

## पायरी ८: कारण शोधा, मग पुन्हा तपासा

नुसतं 'महिन्याने रिपीट' हा सल्ला अपुरा आहे. सौम्य वाढ टिकून असेल तर किमान एवढं व्हायला हवं: हेपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड. तरुण माणसात कारण सापडत नसेल तर विल्सनचा आजार (शरीरात तांबं साठणं) आणि ऑटोइम्यून हेपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटणं) यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतात. कमरेचा घेर टेपने मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर फॅटी लिव्हरची शक्यता वाढते.

लिव्हर टॉनिक या टप्प्यावर सुरू करू नका. आकडा थोडा हलला तर तो कशाने हलला हे कळायचं बंद होतं आणि मूळ कारण चालूच राहतं. फॅटी लिव्हरमध्ये खरा फरक वजनाने पडतो: ७ ते १० टक्के उतरलं की सूज कमी होते. ८० किलोच्या माणसासाठी हे ६ ते ८ किलो, तेही सावकाश. आठवड्यात पाच किलो उतरवणारा क्रॅश डाएट लिव्हरला आणखी त्रास देतो.

काविळीत हळद, तेल, तूप पूर्ण तोडायची गरज नसते. जे पचतं ते घरचं अन्न द्या. बर्फ घातलेला गाड्यावरचा उसाचा रस देऊ नका, त्याच पाण्यातून हेपॅटायटिस येतो. आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे हाताला चुना लावून निघालेलं पिवळं पाणी पाहून समाधान मानू नका. हेपॅटायटिस ए बहुधा आपोआप बरा होतो, म्हणून उताऱ्याला श्रेय मिळतं. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असलेल्या माणसाचे मात्र त्यात आठवडे जातात.

पुन्हा तपासणी कधी? नव्या काविळीत दर काही दिवसांनी. एखाद्या औषधावर संशय असून डॉक्टरांनी ते थांबवलं असेल तर दोन ते चार आठवड्यांनी. इजा थांबल्यावर एसजीपीटी साधारण दोन दिवसांत निम्मं होत जातं, त्यामुळे तोवर उतार दिसायला हवा. फॅटी लिव्हरमध्ये महिन्या-महिन्याला तपासून काही मिळत नाही. तीन ते सहा महिन्यांनी, वजनाच्या नोंदीसह.

टीबीची औषधं चालू असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली किंवा लघवी गडद झाली, तर पुढचा डोस घेण्याआधी उपचार केंद्राला कळवा. एन्झाइम्स लक्षणांसह तिपटीच्या किंवा लक्षणांशिवाय पाचपटीच्या पुढे गेली की डॉक्टर गोळ्या थांबवून क्रमाक्रमाने पुन्हा सुरू करतात.

## पायरी ९: डॉक्टरांसमोर काय न्यायचं

फक्त ताजा रिपोर्ट नेऊ नका. जुने सगळे रिपोर्ट एका तक्त्यात उतरवा: डावीकडे तारीख, पुढे तिन्ही रकाने, शेवटी त्या दिवशीचं वजन आणि त्या महिन्यात सुरू किंवा बंद केलेली औषधं. पाच वर्षांपूर्वीच्या विम्याच्या तपासणीतही एसजीपीटी ७० होतं, हे कळल्यावर डॉक्टरांचा विचार बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेल्या पीडीएफ आधी शोधून ठेवा, तपासणीच्या खोलीत त्या सापडत नाहीत.

मग हे विचारा: वाढ पेशींची आहे की पित्ताच्या मार्गाची? माझ्या यादीतल्या कोणत्या औषधावर संशय आहे? हेपॅटायटिस बी आणि सी तपासलंय का? फिब-४ इतका येतोय, फायब्रोस्कॅन लागेल का? पुढची तपासणी कोणत्या तारखेला, आणि त्याआधी काय दिसलं तर लगेच यायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एका माणसाला वाचून दाखवा. गुंगी आल्याचं रुग्णाला स्वतःला कळत नाही, ते शेजारी बसलेल्यालाच दिसतं.